दोऱ्याचं माप

२१ जानेवारी १९५७, सोमवार. सकाळी उठून पहिलं काम केलं ते जोड्यांतले हरभरे काढायचं. आदल्या दिवशी दोन्ही जोडे भिजवलेल्या हरभऱ्यांनी गच्च भरून, तोंडं चिंधीनं बांधून कोपऱ्यात ठेवले होते. हरभरा फुगतो आणि कातडं ताणतो. पेडगावला माहेरी आमचा सालगडी असंच करायचा, ते लक्षात होतं.

हरभरे चांगले टरारून फुगले होते. टाचेकडचं कातडं सैल झालं होतं आणि तिथं मला ते सैल नकोच होतं. पुढं बोटांपाशी, जिथं खरी अडचण, तिथं कातडं जिथल्या तिथं. घरमालकीण दारातून बघत होती. "उसळ करायलाव का बाई?" असं तिनं विचारलं. मी हरभरे तिच्या म्हशीपुढं टाकले. म्हशीनंही अर्धेच खाल्ले.

मी तेव्हा ताडकळसला ग्रामसेविका होते. त्या खोलीत आम्ही दोघी राहायचो. दुसरी ग्रामसेविका माझ्याहून दहा वर्षांनी लहान, औरंगाबादची. दोघींचं काम एकच. आजूबाजूची गावं वाटून दिलेली होती. बायकांना कमी धुराची चूल बसवून द्यायची, परसात भाजी लावायला शिकवायचं, बाळंतिणींची चौकशी करायची. सगळं पायी. मग विकास गटाच्या कचेरीत बायकांची एक सायकल आली. दोघींत एकच. साहेबांनी निरोप पाठवला की सोमवारी दहाला येतो, दोघींनी चालवून दाखवा, जी नीट चालवील तिला सायकल.

मला ती सायकल का हवी होती ते सांगते. माझं घर पूर्णेला. हे रेल्वेत होते, आणि आठ वर्षांची मुलगी सासूबाईंजवळ. मोटार मिळेल तेव्हा जाणं व्हायचं, म्हणजे पंधरवड्यातून एकदा. मुलगी मला पाहुणीसारखं "बसा" म्हणायला लागली होती. सायकल मिळाली असती तर आठवड्यातून दोन फेऱ्या सहज झाल्या असत्या. त्या दुसरीला सायकलीचा काय उपयोग? औरंगाबादला काही कुणी सायकलीवर जात नाही. साहेबांनी विचारलं असतं तर हेच सांगितलं असतं. त्यांनी विचारलं नाही.

शिवाय सायकल मला जास्त येत होती. परभणीच्या शिबिरात मी चौथ्या दिवशी एकटी फिरले. तिला तीन आठवडे लागले. माझं नऊवारी, कासोटा घातलेलं. सायकलीला याहून सोयीचं नेसणं नाही. तिच्या पाचवारीचा काठ साखळीत जायचा, मग ती उतरून, चाक उलटं फिरवून, काळा झालेला काठ सोडवत बसायची. मला ते बघायला बरं वाटायचं. ते खोटं कशाला सांगू?

तिच्याकडं एकच गोष्ट माझ्याहून बरी होती. पाय.

सायकलीला साधी वहाण चालत नाही. अंगठ्यात अडकवलेली वहाण पायंडलावरून सटकते, खाली पडते, मग उतरा आणि उचला. अनवाणी चालवावी तर पायंडलाचं रबर गेलेलं, आतलं लोखंड तळव्याला कापतं. पुढून बंद, मागून पट्टा, तळ पातळ, असा जोडा हवा. तिनं शाळेत असल्यापासून बूट-मोजे घातलेले. तिचे पाय निमुळते, बोटं एकाला एक चिकटलेली, नखं सरळ. माझे पाय काळ्या रानात वाढलेले. बोटं पंख्यासारखी फाकलेली, डाव्या अंगठ्याच्या बुडाशी सुपारीएवढं हाड बाहेर आलेलं. तोवर मला माझ्या पायांत काही वावगं दिसलं नव्हतं. एका खोलीत तिच्या पायांशेजारी ते ठेवायला लागल्यावर दिसायला लागलं.

ताडकळसचा मोची म्हातारा आणि हाताचा चांगला होता. शेतकऱ्यांचे जाड जोडे शिवायचा. बाईसाठी बंद जोडा त्यानं कधी केला नव्हता. ती सरळ त्याच्या दुकानात गेली, आपला जुना शाळेतला बूट नमुना म्हणून दिला आणि पायाचं माप देऊन आली. चार दिवसांत जोडे आले. तळाला खिळा नाही, सगळी शिवण, कारण खिळ्याचं डोकं लोखंडी पायंडलावर घसरतं. हे त्यानं स्वतःच्या डोक्यानं ओळखलं होतं. तिनं जोडे घातले आणि खोलीत येरझाऱ्या घातल्या. कुठं आवाज नाही, कुठं सुरकुती नाही. जोडे तिच्या पायांवरच उगवल्यासारखे दिसत होते. मी ज्वारी निवडत होते. निवडलेली आणि न निवडलेली मी एकातच घातली.

आमच्याकडं बाईमाणूस मोच्याकडं पाय घेऊन जात नसे. दोरा घ्यायचा, टाचेपासून अंगठ्यापर्यंत धरून एक गाठ मारायची, पंजाभोवती गुंडाळून दुसरी, आणि दोरा कुणाच्या तरी हाती पाठवायचा. माझ्या आईनं जन्मभर अशाच वहाणा घातल्या. उघडी वहाण चार धागे इकडंतिकडं झाली तरी पायात बसते. बंद जोडा तसा बसत नाही, हे मला तेव्हा कळायला हवं होतं.

पण माझी चूक नुसती दोऱ्याची नव्हती. तिनं आपल्या पायाचा कागद, मोच्यानं कोळशानं आखलेला, परत आणून खोलीतल्या भिंतीच्या खिळ्याला लावला होता. मी दोरा पंजाभोवती घेतला, त्या कागदाकडं बघितलं, आणि दोरा ओढला. आणखी ओढला. कातडीत रुतला तेव्हा गाठ मारली. तिच्यापेक्षा फार रुंद भरू नये एवढंच मनात होतं. असं करणारी बाई चुली बसवून देते, बाळंतिणींना शहाणपण सांगते. असो.

वर मी आणखी एक केलं. घरमालकिणीशी बोलताना म्हणाले की शहरच्या पोरींना मोच्याच्या मांडीवर पाय ठेवायला काही वाटत नाही. मी तिथं नव्हते. मला एवढंच ठाऊक होतं की तिनं माप दिलं. मांडी मी माझ्या पदरची घातली. घरमालकिणीनं ती दुसऱ्या दिवशी विहिरीवर नेली.

माझ्या सोबतिणीच्या कानावर ते गेलंच. मला तिनं काही म्हटलं नाही. माझे जोडे आले आणि मी दात दाबून पाय आत घालत होते तेव्हा शेजारी बसली आणि हळूच म्हणाली, "ताई, तुम्हीपण पायच द्या ना त्यांना. दोऱ्याला काय कळतं?"

"मला बसतायत," मी म्हणाले.

मग हरभरे भिजवले.

तर सोमवारी दहाला साहेब जीपमधून आले. गावाबाहेर नाल्यापर्यंत जायचं, नाला ओलांडून वळायचं आणि परत यायचं. हुरड्याचे दिवस, माणसं रानात निघालेली, तरी पाराजवळ पन्नासेक जण थांबले होते. मी पहिली गेले. नाल्यापर्यंत अशी गेले की साहेबांचा कारकून मागून वा वा म्हणाला, ते मला ऐकू आलं. बोटं दुखत होती, मग दुखायची थांबली. ते बरं झालं असं मला वाटलं. प्रत्यक्षात डाव्या पायाला काही कळेनासंच झालं होतं.

नाल्यात पाणी नव्हतं, रेती होती. जाताना जोरात निघून गेले. परतताना चढावर चाक रुतलं, सायकल डावीकडं झुकली, पाय टेकवायला गेले, आणि पाय कुठं आहे तेच समजेना. सायकलीसकट तुरीच्या रानात गेले. दोन्ही हातांतल्या बांगड्या फुटल्या, कोपर सोलवटलं. उठून बसले तर पायावर वजन देता येईना. सायकल हातात धरून लंगडत परत आले. पारावरून एकजण म्हणाला, "बाई, तुमी सायकल घेऊन आलाव का सायकल तुमाला?" सगळे हसले. मीही तिथं उभी असते तर हसले असते.

मग ती गेली. हँडल गाडीच्या जुन्या बैलासारखं डुलत होतं. मी मनातल्या मनात तिचा काठ साखळीत जायची वाट बघत होते. तिनं काठाला पिन लावली होती. नाल्याशी पोचली, पाय टेकवला, उतरली, सायकल हातानं रेतीतून नेली, पलीकडं बसली, वळली, पुन्हा तसंच केलं आणि परत आली. हळू, पण धड.

साहेब भले गृहस्थ होते. मला म्हणाले, "चालवता तुम्ही चांगलं, बाई. पण नाल्यावर उतरला का नाहीत?"

यावर मला उत्तर होतं. उतरायला पाय जागेवर लागतो, आणि माझा पाय एका खोट्या दोऱ्यात अडकला होता. हे पन्नास जणांपुढं सांगायचं म्हणजे दोरा कुणी ओढला आणि का, तेही सांगावं लागलं असतं. मी कोपरावरची माती झटकली. साहेबांनी सायकल तिच्या नावे केली. दुसरी सायकल पाडव्याच्या सुमारास येईल, तेव्हा तुमची पुन्हा परीक्षा घेऊ, असं म्हणाले. पडलात तर तीही जाईल, दुसऱ्या गटाकडून मागणी आहे, एवढंही सांगून गेले.

दुपारी तिनं हळद गरम करून आणली आणि माझ्या कोपराला लावली. हात तिचा हलका होता. तेही मला आवडलं नाही. मग म्हणाली, "मला बुधवारी पूर्णेला कागद पोचवायचेत. मुलीला काही द्यायचं असलं तर द्या, मी घरी नेऊन देते."

तिनं चांगल्या मनानं विचारलं होतं, ते मला कळत होतं. पण माझी मुलगी दारात उभी राहून या बाईला "बसा" म्हणणार, सायकलीची घंटा वाजवून बघणार, आणि मी त्या वेळी कुठल्या तरी परसात भेंडीच्या अळ्या दाखवत असणार. सायकल गेली त्याचा राग मला तोवर आवरता आला होता. हा आवरेना. काही द्यायचं नाही, असं मी सांगितलं. ती हळदीची वाटी धुवायला उठली. मी जोडे काढले. दोन्ही करंगळ्या निळ्या पडल्या होत्या.

पाडव्याला दोन महिने होते. रडत बसायचं तर तेवढा वेळ होता, आणि जोडे करून घ्यायचे तरी तेवढाच होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाकरी बांधून घेतली, जुन्या वहाणा पायात घातल्या, जोडे काखोटीला मारले आणि मोच्याकडं गेले. तो आरीला मेण लावत होता. मान वर न करता म्हणाला, "दोरा आणलाव का?"

"दोरा न्हाई. पाय आणलेत."

त्यानं जोडे घेतले, आत बोट घालून चाचपले, शिवण बघितली. शिवणीत खोट नव्हती हे त्यालाही माहीत होतं आणि मलाही. दोरा बसून घेतला होता का, असं त्यानं विचारलं. मी हो म्हणाले. अन् वढून? मी हो म्हणाले. तेवढ्यात त्याची बायको आतून आली, माझ्याकडं बघितलं आणि नमस्कार न करता परत आत गेली. विहिरीवरचं तिच्यापर्यंत पोचलं होतं तर.

म्हाताऱ्यानं कागद जमिनीवर पसरला, चारी कोपऱ्यांवर कातड्याचे तुकडे ठेवले. मला कुठं बसावं कळेना.

"बसायचं न्हाई. हुबं ऱ्हावा, वजन पडलं की पाय पसरतो. अन् पाय कागदावर ठिवायचा, बाई. मांडीवर न्हाई. त्या बाईंनीबी कागदावरच ठिवला व्हता."

"मी बोलले ते खोटं होतं," मी म्हणाले. "तुमच्याबद्दलही."

कोळसा उभा धरून त्यानं डाव्या पायाभोवती फिरवला, अंगठ्याच्या हाडापाशी थांबला, तिथं वेगळी खूण केली. मग उजवा आखला. दोन पाय दोन घरचे हायत, म्हणाला, डाव्याला एक बोट जागा जास्त लागेल. जुन्या जोड्यांचा तळ कामाला येईल, वरचं कातडं नवं घालू. हे सगळं ठरलं आणि मी निघायला हवं होतं. पण माझ्यानं राहवलं नाही.

"तिच्यापेक्षा किती रुंद भरला?"

म्हाताऱ्यानं कागदाची घडी केली. "मी एकीचा पाय दुसरीला सांगत न्हाई, बाई," म्हणाला, आणि घडी आपल्या बैठकीखाली सरकवली.

मी भाकरीचं फडकं उचललं आणि चालत कामाला गेले. त्या दिवशी दोन चुली बसवायच्या होत्या.