बादलीबाबांचे पाय

बादलीबाबांना रिकाम्या हातांनी चालताना मी चार वर्षांत एकदाही पाहिलं नाही. सोनईजवळच्या एका गावात मी पाळक होतो आणि बाबा त्या छोट्या ख्रिस्ती मंडळीचे शिपाई. सकाळी चर्चची फरशी पुसायची बादली, दुपारी आवारातल्या झाडांना पाणी घालायची बादली, नाताळच्या प्रीतिभोजनात आमटीची बादली. खरं नाव मंडळीच्या वहीत होतं, पण ते फक्त वहीलाच ठाऊक. बाबा जाऊन दोन वर्षं झाली; अजून कुठे बादलीची कडी वाजली की मी वळून पाहतो.

मी तेव्हा नवाकोरा होतो आणि बोलायची भारी हौस. मसीहा हा देवाचा सेवक कसा, यावर एका रविवारी मी तासभर प्रवचन झोडलं. यशया संदेष्ट्यापासून जी गाडी सोडली ती थांबायलाच तयार नाही. लोक माना डोलावत होते. काहींच्या झोपेनेही डोलत होत्या. बाहेर पडताना बाबा म्हणाले, "परवचन ब्येस झालं, सायेब. पन त्यो सेवक सकाळी उठून काय करायचा, त्ये सांगायचं ऱ्हायलंच की!" मी हसून वेळ मारून नेली.

त्यांची स्वतःची समजूत सरळ होती. "देवानं त्याला गादीवर बसायला न्हाई धाडला, कामाला धाडला," असं म्हणून ते पुन्हा फरशीकडे वळायचे.

खोड एकच. स्वतःसाठी कुणाला काही करू द्यायचे नाहीत. प्रीतिभोजनात सगळ्यांत शेवटी, उभ्याउभ्या जेवायचे. आमच्या घरी आले तरी चहाचा कप स्वतः विसळून ठेवायचे. माझी बायको चिडायची, "बाबा, आम्हाला कधी काही करू देणार की नाही?" बाबा म्हणायचे, "करा की, बाई. दुसऱ्याचं करा."

पवित्र गुरुवारी पाळकाने मंडळीतल्या बारा जणांचे पाय धुवायचे असतात, प्रभूने शिष्यांचे धुतले त्याची आठवण म्हणून. आमचे बारा जण मात्र घरूनच टाचा घासून, साबण लावून यायचे. एकाच्या पायांना तर पावडर होती. मी धुवायचं ते काय? बाबा गरम पाणी आणून द्यायचे आणि पंचा धरून बाजूला उभे राहायचे.

त्या वर्षी बाराव्या माणसाची एसटी चुकली. मी म्हणालो, "बाबा, तुम्ही बसा." ते "नगं, सायेब" म्हणत राहिले आणि मी सगळ्यांदेखत आग्रह करत राहिलो. खरं सांगायचं तर त्यात प्रेमापेक्षा तोरा जास्त होता. शेवटी बाबा बसले. भर उन्हाळ्यात त्यांच्या उजव्या पायात मोजा होता. तो उतरला तेव्हा करंगळीपासून तळव्यापर्यंत चिघळलेली जखम दिसली, आणि पाठोपाठ वास आला.

माझा हात पाण्यातच थांबला. फार नाही, एक श्वास घेण्याइतका. पण बाबांनी ते पाहिलं. त्यांनी पाय अलगद मागे घेतला आणि म्हणाले, "ऱ्हाऊ द्या, सायेब. पानी गार झालंय."

पाण्याची वाफ अजून माझ्या तोंडावर येत होती. तरी मी उठलो आणि प्रार्थना सुरू केली. त्या प्रार्थनेची मला आजही लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी गुड फ्रायडेची उपासना आटोपताच मी त्यांना मोटरसायकलवर बसवून नगरला नेलं. शुगर खूप वाढलेली होती. डॉक्टर म्हणाले, आणखी आठवडा काढला असता तर पाय गेला असता. दोन बोटांवर निभावलं. "बाबा, दाखवलं का नाही?" मी विचारलं. "दावला आसता तर कुनाला तरी धुवावा लागला आसता," ते म्हणाले.

पुढे तीन महिने रोज सकाळी मी त्यांच्या घरी जाऊन तो पाय धुतला आणि पट्टी बदलली. सुरुवातीला ते ओट्यावर भिंतीकडे तोंड करून बसायचे. मग हळूहळू मला शिकवू लागले. "बोटांच्या मधी नीट पुसा, सायेब. तितंच पानी ऱ्हातं." सेवक सकाळी उठून काय करतो, ते मला त्या ओट्यावर कळलं.

पुढच्या वर्षी माझी अकोल्याकडे बदली झाली. सामान टेम्पोत चढलं होतं, बायको पुढे बसली होती, ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. तेवढ्यात बाबा लंगडत आले, हातात बादली, खांद्यावर पंचा. अंगणात एक खुर्ची उरली होती, तिच्यासमोर त्यांनी बादली ठेवली.

"बाबा, अहो, राहू द्या," माझ्या तोंडून निघून गेलं आणि मी पाय मागे घेतले. इतकं अवघड असतं ते, मला ठाऊकच नव्हतं.

बाबांनी पाण्यात हात घालून पाहिला.

"बसा, सायेब," ते म्हणाले. "पानी गरम हाय."