दानियलची फरशी

शनिवारी पहाटे लातूरहून निघालो तेव्हा टेम्पोत गवताच्या थरावर काळ्या ग्रॅनाइटची जाड फरशी निजवलेली होती. तिच्यावर एक क्रूस आणि खाली ‘दानियल’ एवढंच कोरलेलं. पुढे चालवायला सत्तारभाई, मध्ये मी, खिडकीशी मार्थाबाई. माझं फरशीचं दुकान आहे. ओट्यांची आणि पायऱ्यांची मापं घेण्यात आयुष्य चाललं आहे. कबरीचं माप मात्र पहिल्यांदाच घेतलं, तेही फोनवर.

मार्थाबाई आमच्या शेजारी. सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या परिचारिका, ख्रिस्ती, पंथाने कॅथलिक. त्यांचा नवरा दानियल किनवटकडच्या एका वसतिगृहात स्वयंपाकी होता. गेल्या पावसाळ्यात तिथेच वारला, तिथेच पुरला. आता तिकडून निरोप आला होता की उन्हाने कबर फाटली आहे. मार्थाबाईंनी दुकानात येऊन सगळ्यात जड फरशी निवडली.

‘‘झाकून टाकते एकदाची,’’ त्या म्हणाल्या. ‘‘मग तो मोकळा, मी मोकळी. परत त्या वाटेला जायची न्हाई मी.’’

लोह्याच्या अलीकडे गतिरोधकावर टेम्पो उडाला आणि मागे खाडकन आवाज झाला. उतरून बघितलं, तर फरशीचा खालचा एक कोपरा उडालेला.

‘‘अक्का, मैं तो आहिस्ताच चला रहा था,’’ सत्तारभाई म्हणाले.

‘‘आहिस्ता चालवता तर फरशीला पंख फुटले का?’’ मी म्हणाले. मार्थाबाईंनी कोपऱ्यावरून बोट फिरवलं. ‘‘ऱ्हाऊ द्या. तो कुठं बघाया बसलाय?’’

लोह्यात गरम सुशीला (भिजवलेल्या चुरमुऱ्यांचा फोडणी दिलेला प्रकार) खाल्ली. मार्थाबाईंनी नुसता चहा घेतला. येशूला क्रूसावर खिळलं तो शुक्रवार उपासाचा असतो. त्यांनी तो उपास शनिवारपर्यंत लांबवला होता. आग्रह केला तर म्हणाल्या, ‘‘भूकच न्हाई गं.’’

नांदेड मागे पडलं, भोकरही. किनवटच्या बाजूला रस्त्याकडेचे साग निष्पर्ण उभे होते आणि मोहाखाली बायका फुलं वेचत होत्या. तो गोडसर, आंबूस वास टेम्पोत शिरला तो वसतिगृह येईपर्यंत राहिला.

ती ईस्टरची आदली रात्र. अंधार पडताच वसतिगृहाच्या प्रार्थनामंदिरातले सगळे दिवे मालवले. बाहेर अंगणात नवा जाळ पेटवला, त्यावर एक उंच मेणबत्ती लावली, आणि तिच्यावरून प्रत्येकाने आपापली. माझ्याही हातात एक आली. मी कोण, कुठली, हे कोणी विचारलं नाही. ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या उपासकाळात या लोकांत ‘हालेलूया’ (देवाची स्तुती करा) हा शब्द उच्चारत नाहीत. तो त्या संध्याकाळी परत येतो. इतके दिवस आवरून धरलेलं गाणं सुटलं तेव्हा पत्रे थरथरले. मार्थाबाईंचं तोंड मिटलेलंच होतं.

फादरांचं प्रवचन थोडक्यात होतं. येशूच्या कबरीकडे पहाटे काही बायका निघाल्या. देहाला सुगंधी तेल लावायचं काम राहिलं होतं. वाटेत त्यांना काळजी एकच, कबरीच्या तोंडावरचा एवढा मोठा दगड सरकवणार कोण? जाऊन बघतात तर दगड सरकलेला, आत कोणी नाही. त्या बायका मला पटल्या. दुःख असलं तरी राहिलेलं काम करायला निघालेल्या.

जेवताना मी फादरांना सरळ विचारलं, ‘‘म्हणजे आत्मा अमर असतो, असंच ना?’’

‘‘ते तर पुष्कळ जण म्हणतात,’’ ते हसले. ‘‘आमचं म्हणणं जास्त अडचणीचं आहे. येशू देहासकट उठला, हातावरच्या खिळ्यांच्या जखमांसकट. म्हणून आम्हीही उठणार.’’

‘‘दानियलची भाजलेली बोटं?’’ मार्थाबाईंनी न शिवलेल्या ताटावरून मान वर न करता विचारलं.

‘‘हाव बाई. बोटांसकट.’’

आम्ही लिंगायत. आम्हीही पुरतो, बसवून. पण आमचा माणूस लिंगैक्य (शिवाशी एकरूप) होतो; मग वाट कोणाची पाहायची? यांना वाट पाहावी लागते. मार्थाबाई कशाने दमल्या होत्या, ते मला तिथे कळलं.

ईस्टरच्या सकाळी ओढ्याकाठच्या कबरस्तानात गेलो. खालची जमीन काळी, उन्हाने तडकलेली. दानियलच्या कबरीला मधोमध हात जाईल एवढी भेग. सत्तारभाईंनी वसतिगृहातल्या दोघांच्या मदतीने फरशी आणली.

‘‘कशी ठेवू?’’ मी टेप काढली.

मार्थाबाई उकिडव्या बसल्या. भेगेत हात घालून त्यांनी आतलं ढेकूळ काढलं, चुरडलं. मग एकदम खुदकन हसल्या.

‘‘अक्का, त्या बायांना काळजी दगड कोण काढंल याची. अन् मी येडी लातूरहून दगड घेऊन आले. उद्या हा उठायला लागला तर मलाच शिव्या घालंल की! तसाही सकाळी उठायचा लई कंटाळा होता त्याला.’’

‘‘मग परत नेऊ?’’

‘‘परत कशाला? उभी कर डोक्याशी. नाव दिसू दे. वर नको.’’

आम्ही फरशी उभी गाडली. फुटका कोपरा आपोआप जमिनीत गेला. वसतिगृहाचं फावडं घेऊन मी भेगेत माती लोटली. मार्थाबाई हातानेच दाबत होत्या आणि दाबता दाबता बारीक आवाजात हालेलूया म्हणत होत्या. सूर बरा नव्हता.

‘‘ही काळी माती आहे,’’ मी त्यांना स्पष्ट सांगितलं. ‘‘पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा फाटणार.’’

‘‘फाटू दे.’’

परतताना लोह्यात त्यांनी दोन प्लेटा सुशीला खाल्ली, वर मिरची मागितली. मागे टेम्पो रिकामा खडखडत होता. मेलेला माणूस उठतो की नाही, हे मला ठरवता येणार नाही; तो माझा धर्म नाही. शुक्रवारपासून न जेवलेली बाई मात्र जेवायला बसली, ते मी समोर बसून पाहिलं.

लातूरच्या वेशीपाशी मार्थाबाई डुलकीतून जाग्या झाल्या.

‘‘अक्का, पुढच्या साली फावडं आपलं घेऊ. तिथलं लई बोथट हाय.’’