दाढेवरचं सोनं

तुमच्या सदरातले अनुभव मी हसण्यासाठी वाचतो, राग मानू नका. जन्मभर पोरांना गणित शिकवलं, आणि स्वभावानं असा संशयी की भाजीवालीनं तराजू उचलायच्या आधी मी पारड्याखालून हात फिरवायचो. भूतबीत, चमत्कार... छ्या! पण एक गणित मला आजवर सुटलेलं नाही. आता ऐंशी ओलांडली, म्हणून लिहून टाकतो.

निजामाच्या राज्याची शेवटची वर्षं. मी नांदेडला सरकारी शाळेत मास्तर होतो, इतवारा मोहल्ल्यात भाड्यानं राहायचो. वडील दोन वर्षांपूर्वी लातूरला वारले होते. तार मिळून मी पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं, मला राखच दिसली. तेव्हापासून आई आमच्याकडे असायची.

एक दिवस भाकरीत खडा लागला आणि उजवी दाढ अर्धी तुटली. गावातच वजिराबादेत रशीदमियाँ म्हणून दंदानसाज होते, म्हणजे दात बसवणारे. त्यांनी दाढ कानशीनं घासली, मेणाचा ठसा घेतला. म्हणाले, "मास्तरसाब, इस पर सोने की टोपी चढाना पडता. सोना घर का लाव, हाथ मेरा." तेव्हा पद्धतच तशी होती, सोनं गिऱ्हाइकानं आणायचं.

आमच्या घरात कुठलं आलंय सोनं! पण आईनं तिच्या पेटीतून एक चपटा तुकडा काढून दिला. "माझ्या जुन्या बाळीचा हाय. घे. तोंड सुजवून किती दिस बसशील?"

तुकड्यावरची नजर हलवायची नाही, असं मी ठरवूनच गेलो होतो. पण रशीदमियाँ तो वितळवायला आतल्या खोलीत निघाले. मी मागोमाग उठलो तर त्यांनी पडद्यापाशी हात आडवा केला. "अंदर जनाना है, मास्तरसाब." झालं! पाव तास सोनं आत आणि मी बाहेर. टोपी मात्र झकास बसली.

त्याच संध्याकाळी तांब्यातलं पाणी प्यालो... आणि पाण्याला तुळशीची चव! चहाला नाही, दुधाला नाही, वरणाला नाही, फक्त पाण्याला. मी बायकोवर डाफरलो, "माठात तुळस कुणी टाकली?" तिनं माठ माझ्यासमोर पालथा केला. मग मी टेस्ट सुरू केल्या. शाळेच्या विहिरीचं पाणी, स्टेशनच्या नळाचं, खुद्द नदीचं. सगळीकडे तीच चव. बायको म्हणाली, "अहो, तुमच्या डोक्यातच तुळस उगवलीय. आता रोज प्रदक्षिणा घालते." आई एरवी अशा वेळी खळखळून हसायची. त्या दिवशी ती उठून आत गेली. मला तेव्हाच कळायला हवं होतं, पण माझा संशय सगळा वजिराबादेकडे लागला होता.

त्यात शाळेतले ड्रॉइंग मास्तर बोलून गेले, "घाटावर झारेकरी बसतात ना, चितेची राख चाळून सोन्याचे कण काढणारे... ते सोनं शेवटी जातं कुठं?" मी गणित मांडलं. मरणाऱ्याच्या तोंडात आपण काय घालतो? गंगेचं पाणी, तुळशीचं पान आणि सोनं. म्हणजे या मियाँनं आईचं सोनं आत ठेवून घेतलं आणि मढ्याच्या तोंडचं माझ्या तोंडात बसवलं!

तसाच तरातरा गेलो. दुकानात तीन-चार गिऱ्हाइकं होती. भर रस्त्यात उभा राहून नाही नाही ते बोललो. गिऱ्हाइकं एकेक करून उठून गेली. रशीदमियाँ पांढरे पडले होते. "तौबा, मास्तरसाब! मुर्दे के मुँह का सोना जिंदे के मुँह में? तीस बरस से ये काम कर रहा हूँ. तुमनेच दिया सो सोना है वो. पहले घर में पूछो."

घरी येऊन मी तणतणत सगळं सांगितलं. आई जात्यापाशी बसली होती. तिच्या हातातली दाण्यांची मूठ तशीच राहिली.

"त्या माणसाला बोल नगं लावू," ती म्हणाली. "सोनं त्यानं बदललं न्हाई. ते बाळीचं न्हवतंच. तुझ्या बापाच्या गळ्यातला मणी हाय तो."

मी म्हटलं, "मणी? तो तर त्यांच्या तोंडात घातला ना? त्यांनीच सांगून ठेवलं होतं."

"घरात तेवढंच सोनं उरलं व्हतं रे. पुढं कसं व्हायचं, काई कळंना. हात धजला न्हाई. पाणी घातलं, तुळशीचं पान ठिवलं... आन् पानाखाली काईच न्हाई. मणी ठेचून पेटीत ठिवला. तू तुळस म्हणालास तवाच मला उमगलं, पर तोंड उघडंना."

मढ्याच्या तोंडचं सोनं म्हणून गावभर ओरडून आलो होतो... आणि ते आमच्याच घरातलं निघालं.

दुसऱ्या दिवशी वजिराबादेत त्याच जागी उभा राहिलो आणि तितक्याच मोठ्यानं माफी मागितली. लाज वाटली, पण मागितली. रशीदमियाँ खुर्ची पुसून म्हणाले, "बैठो, मास्तरसाब," आणि माझ्या सांगण्यावरून टोपी हलक्या हातानं काढून कागदात बांधून दिली. आईनं ती तुळशीच्या पानात गुंडाळून गोदावरीत सोडली. घाटावरच मी ओंजळभर पाणी प्यालो. आई माझ्या तोंडाकडे बघत होती. "कसं लागतंय?"

"पाण्यासारखं," मी म्हणालो. वडील गेल्यावर ती रडलेली मी पाहिली नव्हती. त्या दिवशी पायरीवर बसून ती पोटभर रडली.

मण्याचं मला माहीत असतं तर मनाचे खेळ म्हणून सोडून दिलं असतं. पण चव आधी आली आणि माहिती नंतर. हे कसं, ते मला आजही सांगता येत नाही. दाढ मी पुन्हा मढवली नाही, तुटकीच राहू दिली.

पुढं आई नांदेडलाच वारली. मी उशाशी होतो. पाणी घातलं, माझ्या बोटातली अंगठी मोडून आणलेला तुकडा जिभेवर ठेवला, वर तुळशीचं पान ठेवलं. लोक उचलायची घाई करत होते. मी म्हटलं, थांबा जरा. पान उचलून पुन्हा पाहिलं. सोनं होतं.