काकूंचं थकलेलं भाडं

ऑगस्टच्या शेवटी मला हाउसिंग ऑफिसात नोकरी लागली, आणि नोव्हेंबरपर्यंत मी ती सोडायच्या बेतात होते. मधल्या काळात जे झालं त्याला कारण मीच होते, असं मला आजही वाटतं. नवऱ्याला तसं वाटत नाही. त्याच्याशी वाद घालणं मी कधीच सोडून दिलंय.

आम्ही तेव्हा अमेरिकेत, श्रूजबरी नावाच्या गावात राहायचो. नवरा इंजिनिअर, सकाळी गाडी घेऊन जायचा तो संध्याकाळी परत. तीन वर्षं घरात बसून मला चार भिंतींचा वीट आला होता. तळ्यावरचा पूल ओलांडला की मोठं शहर लागायचं. तिथे कमी कमाईच्या कुटुंबांसाठी शहराने बांधलेल्या विटांच्या इमारती होत्या, आणि त्यांचं भाडं घेणारं ऑफिस त्याच आवारात होतं. तिथला म्हातारा क्लार्क रिटायर झाला आणि त्याच्या जागी त्यांनी मला घेतलं. काम सोपं होतं. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात काचेच्या खिडकीमागे बसायचं, लोक भाड्याची मनी ऑर्डर, म्हणजे चेकसारखा कागद, आणायचे ती घ्यायची आणि पावती द्यायची.

तिथलं भाडं घरावर ठरत नसे, भाडेकरूच्या कमाईवर ठरे. कमाईचा साधारण तिसरा हिस्सा. कमाई कमी झाली तर भाडंही कमी होई. मात्र ते आपणहून येऊन सांगावं लागे आणि कामावरच्या मालकाची चिठ्ठी आणावी लागे. निम्म्या लोकांना हे माहीतच नसायचं. लीजमध्ये ते होतं, पण इतक्या बारीक अक्षरात की मीसुद्धा दुसऱ्या वाचनात पकडलं.

नोव्हेंबरच्या मध्यावर बॉसने थकबाकीदारांची यादी माझ्यापुढे ठेवली. बॉस म्हणजे साठीची, धिप्पाड, सतत सिगरेट ओढणारी बाई. याच आवारात लहानाची मोठी झालेली. "ज्यांचे तीन महिने थकलेत त्यांच्या नोटिसा आज दारात नेऊन दे," ती म्हणाली. "चौदा दिवस. त्यानंतर कोर्ट."

यादीत एक मराठी आडनाव होतं. स्पेलिंग असं काही केलेलं की दुसऱ्या कुणाला ते पोलिश वाटलं असतं. मी ते तीनदा वाचलं. त्या आडनावाची एकच व्यक्ती मला माहीत होती.

काकूंना मी मंडळात भेटले होते. आमचं मंडळ म्हणजे पंचवीस-तीस मराठी कुटुंबं. महिन्यातून एकदा शाळेचा हॉल भाड्याने घेऊन जमायचो. काकू पन्नाशीच्या. अमरावतीला शाळेत शिकवायच्या, मग नवऱ्याबरोबर इथे आल्या. नवरा चार वर्षांपूर्वी गेला. मंडळातल्या मुलांचं नाटक त्या बसवायच्या. आमची मुलं मराठीत दोन वाक्यं सलग बोलत नसत, पण काकूंसमोर पानभर पाठ म्हणून दाखवत. कडक इस्त्रीची सुती साडी, त्यावर कोट, आणि बोलणं असं की समोरच्याने आपोआप ताठ बसावं. परतताना आम्ही त्यांना आणि त्यांच्या सोळा वर्षांच्या मुलीला गाडीतून सोडायचो. लायब्ररीपाशी आलं की त्या म्हणायच्या, "बस, इथेच. मागच्याच गल्लीत घर आहे." गल्लीच्या तोंडाशी कधी नेऊ दिलं नाही. लायब्ररीपासून आमचं ऑफिस चालत सात मिनिटांवर होतं.

नोटीस मी दुसऱ्या कुणाकडे देऊ शकले असते. पाकीट हातात घेऊन मी ऑफिसात दोन चकरा मारल्या, कॉफी ओतली, तशीच टाकून दिली. शेवटी कोट चढवून निघाले. आपल्या भाषेत समजावून सांगितलं तर बरं, असं स्वतःला सांगत होते. आत काय होतं कोण जाणे. कुतूहलही असेल.

दार काकूंनीच उघडलं. मला बघून त्यांचा चेहरा जराही हलला नाही.

"ये," त्या म्हणाल्या. "पत्र आणलंस?"

घर स्वच्छ होतं, गरम होतं, सामान कमी होतं. मी पाकीट टेबलावर ठेवलं. त्यांनी ते उघडलं नाही.

"काकू, हे झालं कसं?"

"झालं," त्या म्हणाल्या. पडदे शिवायच्या कारखान्यात त्या मशीनवर बसायच्या. ऑगस्टपासून कारखान्याने पाच दिवसांचं काम तीनवर आणलं होतं. भाडं मात्र पाच दिवसांच्या पगाराचंच चालू होतं. "पूर्ण जमलं की एकदम नेऊन देणार होते. अर्धं कसं नेऊ?"

मी खुर्चीतून उठलेच. "अहो, तुमचं भाडं ऑगस्टपासूनच कमी व्हायला हवं होतं! कारखान्याची चिठ्ठी आणा, पगाराच्या पावत्या आणा. गुरुवारी दहाला या, मी बॉसशी बोलते."

काकूंनी पाकिटाच्या कडेवरून बोट फिरवलं. "येईन. पण एक शब्द दे. मंडळात कुणाला कळता कामा नये. तुझ्या नवऱ्यालासुद्धा नाही."

"नाही सांगणार," मी म्हणाले, आणि ते अगदी मनापासून म्हणाले.

ऑफिसात येऊन मी बॉसला सांगितलं की बाई माझ्या ओळखीच्या आहेत. तिने हात पुढे केला. "मग फाइल माझ्याकडे दे. ओळखीतली केस तू हाताळायची नाहीस."

फाइल गेली, काळजी माझ्याकडेच राहिली. घरी आले तर हाताला काम सुचेना. कुकर लावला आणि खाली पाणीच घातलं नाही. कपड्यांच्या घड्या घातल्या, मोडल्या, परत घातल्या. नवऱ्याने विचारलं तर "काही नाही" म्हणाले. पुन्हा विचारलं तर त्याच्यावरच ओरडले. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा सगळं सांगून टाकलं. तुझ्यापुरतं ठेव, असंही म्हणाले. शब्द देऊन सहा तासही झाले नव्हते.

नवरा वाईट माणूस नाही. ऐकून तो खरोखर कळवळला. दुसऱ्या दिवशी त्याने ऑफिसातून मंडळाच्या एका काकांना फोन केला. "कुणाचं नाव न घेता काही करता येईल का," एवढंच विचारलं म्हणे. पण विधवा बाई, कारखान्यात काम, एक मुलगी. नाव घ्यायची गरजच कुठे होती? चार घरं फोन फिरले आणि बुधवारी संध्याकाळी मंडळातल्या दोन बायका लायब्ररीमागच्या त्या इमारतीत पोचल्या. पाकिटात तीनशे चाळीस डॉलर, बरोबर चिवड्याचा डबा. त्यातल्या एकीने रात्रीच्या जेवणाच्या वेळी मला फोन करून कौतुकाने सांगितलं, "बिचाऱ्या काही बोलल्याच नाहीत गं. भारावून गेल्या असतील."

मला जेवण गेलं नाही.

गुरुवारी दहाला काकू आल्या नाहीत. साडेदहाला नाहीत, अकराला नाहीत. मी खिडकीतून उठून दारापर्यंत जात होते आणि परत येत होते. बॉस म्हणाली, "खाली बस. फरशी झिजेल." बाराला मी त्यांच्या दारावर टकटक केली. मुलीने दार अर्धंच उघडलं. एरवी मला ती ताई म्हणायची. आता दाराच्या फटीत आडवी उभी राहिली.

"आई आहे?"

"शी इज ॲट वर्क." मग खालच्या आवाजात, "यू टोल्ड देम."

मी काही बोलायच्या आत दार बंद झालं.

परत येऊन मी बॉसला खरं ते सांगितलं. तिने सिगरेट विझवली. "भाडेकरूची गोष्ट घरी नेलीस? यासाठी मी तुला आत्ता काढू शकते." मी मान हलवली. "आणि ती बाई आली नाही तर तिचं घर जाईल. तुझं नाही. हे लक्षात ठेव." मग ती फाइलकडे वळली. मला काढलं नाही, पण पुढचे कितीतरी दिवस गरजेपेक्षा जास्त एक शब्द माझ्याशी बोलली नाही.

शनिवार-रविवार मी गाडी घेऊन उगीच फिरले. पुलावरून पलीकडे, लायब्ररीला वळसा, परत अलीकडे. एकदा वाटलं दारात जाऊन माफी मागावी, पण तीही त्यांच्या दारात आणखी एक गर्दीच झाली असती. नवरा म्हणाला, "यार, मी चांगल्यासाठीच केलं." ते खरं होतं, म्हणूनच त्याच्यावर नीट रागावताही येईना.

सोमवारी सकाळी खिडकीसमोर पाच-सहा माणसं होती. काकू त्यांच्यामागे उभ्या होत्या. कारखान्यात न जाता आल्या होत्या. तीन दिवसांच्या पगारातला एक दिवस बुडवून. नंबर आल्यावर त्यांनी काचेखालच्या फटीतून मंडळाचं पाकीट आत सरकवलं.

"हे ज्यांचं त्यांना पोचव. मोजून घे."

"काकू, मी..."

"ऐक." त्या मराठीत बोलत होत्या, सावकाश, वर्गात बोलावं तशा. मागे उभ्या असलेल्यांना काही कळणार नव्हतं. "सप्टेंबरच्या पहिल्या तारखेला मी इथे आले होते. जमले होते तेवढे पैसे घेऊन. आधीच्या म्हाताऱ्याला सांगणार होते की काम कमी झालंय, काय करू. दोन माणसं पुढे होती. खिडकीत बघितलं तर तू. मी वळले आणि घरी गेले. ऑक्टोबरला रस्त्याच्या पलीकडूनच बघितलं. तूच होतीस."

इतके दिवस मला वाटत होतं की माझी चूक एकच, नवऱ्याला सांगितलं ती. मी नुसती तिथे बसले होते, त्यानेच तीन महिने थकले होते.

"तुझा त्यात दोष नाही," त्या म्हणाल्या. "पुढच्यात आहे. आता तुझ्या बॉसला बोलाव. तुझ्याशी माझं काम नाही."

बॉसने त्यांना आत नेलं आणि दार लावून घेतलं. तासाभराने दोघी बाहेर आल्या. कारखान्याची चिठ्ठी आणि पगाराच्या सगळ्या पावत्या काकूंनी तारखेवार लावून आणल्या होत्या. बॉसने नियमात बसलं तितकं मागे जाऊन भाडं कमी केलं. उरलं त्यातलं एका महिन्याचं भाडं शहरातल्या एका मदतनिधीने द्यायचं ठरलं. त्याचा फॉर्म काकूंनी स्वतः भरला. बाकीचं दर महिन्याच्या भाड्याबरोबर थोडं थोडं फेडायचं, अशा कागदावर सही झाली. नोटीस रद्द झाली.

"त्या फॉर्मवर मदत घेतली," मी घरी नवऱ्याला म्हणाले, "आणि आपली परत केली."

"फॉर्म काही मंडळाच्या जेवणाला समोर येऊन बसत नाही," तो म्हणाला. त्या आठवड्यातलं त्याचं तेवढं एक वाक्य मला पटलं.

त्यानंतर काकू मंडळात आल्या नाहीत. मुलांचं नाटक बंद पडलं. लोकांनी "एवढं काय झालं रागवायला" म्हटलं, मग विषय सोडला. त्यांचं भाडं दर महिन्याच्या दोन तारखेला पोस्टाने यायचं, हप्त्यासकट, कधी चिठ्ठी नाही. मी पावती पोस्टाने पाठवायचे. पावतीबरोबर चार ओळी लिहाव्यात म्हणून कितीदा कागद घेतला आणि फाडला. नोकरीचा राजीनामाही लिहिला होता. तो बॉसने वाचला, परत दिला आणि म्हणाली, "शिकलीस ना काहीतरी? मग खिडकीत बस."

शेवटचा हप्ता दुसऱ्या वर्षीच्या उन्हाळ्यात आला. त्यानंतर काही महिन्यांनी इंडियन किराणा दुकानात तूरडाळीच्या पोत्यांपाशी काकू समोर आल्या. वळून जायला जागा नव्हती, त्यांना आणि मलाही.

"अजून तिथेच आहेस?" त्यांनी विचारलं.

"हो."

"माझ्या वरच्या मजल्यावर एक व्हिएतनामी बाई आहे. माझ्याच कारखान्यात आहे. तिचेही दिवस कमी केलेत, आणि भाडं जुनंच भरतेय. इंग्लिश येत नाही. सोमवारी तिला घेऊन येते."

"या ना काकू. मी बॉसला सांगून..."

"कुणाला काही सांगू नकोस," त्या म्हणाल्या. "फॉर्म तेवढा दे. भरायचं मी बघते."

सोमवारी त्या आल्या. बरोबरची बाई घाबरलेली होती, पर्स छातीशी धरून उभी होती. काकूंनी फॉर्म घेतला, कोपऱ्यातल्या बाकावर तिला शेजारी बसवलं आणि बोटाने एकेक रकाना दाखवत, हातवारे करत, सगळा भरून घेतला. मग सहीच्या जागेवर पेन टेकवून तिच्याकडे बघितलं, आणि ती बाई मान खाली घालून आपलं नाव हळूहळू लिहायला लागली.