पिकुनच्या गोळ्या

पिकुनला पहिली गोळी दिली ती ओराथाईताईने. थायलंडच्या ईशान्येकडच्या इसानात गावोगाव फिरणाऱ्या त्यांच्या गाण्याच्या फडात ताई सगळ्यांत थोरली. "गिळलेली गोळी आतड्यातून आधी लिव्हरकडे जाते," ताई सांगायची, "आणि ते मेलं लिव्हर नाक्यावरच्या शिपायासारखं निम्म्याहून जास्त तिथंच गट्ट करतं. आपल्या अंगाला उरतं काय, चिंचोके? म्हणून दोन घे, बाई." दिवस राहू नयेत म्हणून बायका घेतात, त्याच त्या गोळ्या. फडातल्या, मुलगा म्हणून जन्मलेल्या सगळ्या पोरी दोन-दोन, तीन-तीन गिळायच्या. पिकुनने एकवीस वर्षं गिळल्या. गाल मऊ झाले, छाती भरली आणि पुढच्या रांगेत नाचायला मिळालं.

मग डोळे पिवळे झाले. अंगाला खाज सुटली, भात नकोसा झाला.

"कानीकपाळी ओरडत होते ना रे, त्या गोळ्या लिव्हर खातील म्हणून," आई खामफान म्हणाली. फडही तेच म्हणाला. सगळ्यांचं एकमत झालं म्हटल्यावर डॉक्टरला विचारायची गरज कुणाला? पिकुनने गोळ्या बंद केल्या आणि ती आईकडे येऊन राहिली. आईने मायेने नदीचा कच्चा मासा बारीक चिरून, लिंबू पिळून, तिखट आणि भाजक्या तांदळाची पूड घालून समोर ठेवला. लहानपणापासून तिच्या आवडीचा.

पाच महिन्यांत गाल खरखरीत झाले, छाती उतरली. फडाने तिची जागा दुसरीला दिली. पिकुन आरशाकडे पाठ करून वेणी घालायची. पण जगायचं होतं, म्हणून तिने ते सोसलं. पिवळेपणा मात्र वाढतच गेला.

शेवटी ती एकटीच जिल्ह्याच्या इस्पितळात गेली. डॉक्टरीणबाई तरुण होती, पण आडपडदा न ठेवता बोलली. "लिव्हर तुमच्या गोळ्या मोडून पित्तात सोडतं, पित्त नळीतून आतड्यात उतरतं. ती नळीच बंद झालीय. तिथं गाठ आहे, आणि आता कापण्यापलीकडे गेलीय."

"गोळ्यांमुळे?"

"नाही. कच्च्या माशातून बारीक किडे पोटात जातात, ते त्या नळीत वर्षानुवर्षं राहतात. इकडे घरोघर तेच आहे."

"मग मी गोळ्या उगाच सोडल्या?"

बाईने औषधाची चिठ्ठी पुढे ओढली. "गिळायच्या नकोतच आता, लिव्हरला झेपणार नाहीत. पण अंगाला चोळायचं औषध देते. ते कातडीतून थेट रक्तात जातं. जे काही महिने आहेत, ते तुमच्या मनासारखे जाऊ देत."

परतीच्या बसमध्ये पिकुनने त्या औषधाची नळी हातात घट्ट धरून ठेवली होती. मरायचंच आहे तर बाई म्हणून मरेन, एवढंच तिचं मागणं होतं. फार नव्हतं हो ते.

आईने नळी बघितली आणि तिचा चेहरा उतरला. "अजून तेच? जीव गेला तरी चालेल, पण हे सुटत नाही तुला?"

गोळ्यांचा दोष नाही, असं म्हटलं की पुढचा प्रश्न येणार, मग कशाचा? आईचे हात अजून माशाच्या वासाचे होते. पंचेचाळीस वर्षं त्या हातांनी तिला भरवलं होतं.

"गोळ्यांनीच झालं," पिकुन म्हणाली. "आणि डॉक्टरीण म्हणाली, यापुढे घरात मासा शिजवूनच खायचा. तूसुद्धा."

"शिजवलेला मासा म्हणजे काय मासा?" आई पुटपुटली, पण चूल पेटवायला उठली. पिकुनने नळी कचऱ्यात टाकली.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुंपणापाशी शेजारीण उभी होती. पिकुन आत चटईवर पडून ऐकत होती. आईचा आवाज कितीतरी वर्षांनी इतका हलका झाला होता.

"सोडलं हो त्याने सगळं," ती सांगत होती. "माझा मुलगा मला परत मिळाला."