ओळीतला शेवटचा टाका

माझ्या मोठ्या काकूचा कोणावरही विश्वास नाही. दूधवाल्यावर नाही, शेजारणीवर नाही, भिंतीवरच्या घड्याळावरसुद्धा नाही. घड्याळ पुढं गेलं की तिला वाटतं कोणीतरी मुद्दाम पुढं केलंय, आणि बरोबर चालत असेल तर आज हे बरोबर कसं, म्हणून ती रेडिओ लावून खात्री करते. हा स्वभाव जन्माचा की नोकरीनं लावलेला, ते आता देवच जाणे. कपड्यांच्या कारखान्यात ती उभा जन्म चेकिंगच्या टेबलावर होती. शिवून आलेला शर्ट उलटा करायचा, कॉलर, काखेतली शिवण, काज, बटण, सगळ्यावरून नजर फिरवायची आणि कुठं एक टाका सुटला असला की शर्ट परत टोपलीत. शिवणाऱ्या बायका तिला मागून ‘दुर्बीण’ म्हणायच्या. तिला ते माहीत होतं आणि मनातून आवडायचंही. चुका शोधायचा तिला कारखान्यात पगार मिळायचा, घरी ते काम ती फुकट करायची.

घर म्हणजे तळमजल्यावरच्या दोन खोल्या. तिथं ती आणि धाकटी काकू राहतात. दोघी सख्ख्या जावा. दोन्ही काका गेल्यावर वेगवेगळी भाडी कशाला म्हणून एकत्र आल्या, आणि तेव्हापासून एकमेकींची तक्रार करायला जिना चढून माझ्याकडे येतात. मी त्यांची पुतणी, बरोबर त्यांच्या डोक्यावर राहते. नोकरी पोस्टात. दिवसभर लोकांची गाऱ्हाणी ऐकायची आणि घरी आल्यावर या दोघींची. माझ्या नशिबात काय लिहिलंय ते एकदा मला वाचायला तरी मिळायला हवं होतं.

निवृत्त झाल्यावर मोठ्या काकूनं जाहीर केलं की आता ती चैन करणार. हे तिनं अशा चेहऱ्यानं सांगितलं की मला वाटलं ऑपरेशनच ठरलंय. चैन म्हणजे काय, तर चार वाजता पातळ काचेच्या पांढऱ्या कपात कॉफी, बरोबर दोन लोणी लावलेली बिस्किटं, इस्त्रीचा अभ्रा, आणि सुगंधी साबणाची एक वडी, जी न्हाणीघरात न ठेवता तिच्या कपाटात कुलपात असायची. आंघोळीला जाताना बाहेर काढायची, आल्यावर पुसून परत आत. वडी वाजवीपेक्षा जास्त झिजतेय अशी तिला शंका होती. मी म्हटलं, काकू, साबण वापरला की झिजतोच. तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मी माझेच हात हुंगून बघितले.

सगळ्यात मोठी चैन म्हणजे ब्लँकेट. क्रोशाच्या सुईनं तिनं आख्ख्या खानदानाच्या टोप्या, स्वेटर, मोजे विणले. मी लहानपणी तिचे स्वेटर घालून खाजवत शाळेत गेलेय. स्वतःसाठी तिनं कधी हातरुमालाची कडसुद्धा विणली नव्हती. या वेळी मात्र मऊसूत राखाडी-निळी लोकर आणली, कोणालाही न विचारता, कोणालाही न सांगता, आणि खिडकीजवळच्या खुर्चीत बसून स्वतःच्या अंगावर घ्यायचं ब्लँकेट विणायला घेतलं. तिचा टाका सैल, एकसारखा, बघत राहावा असा. रोज चारची कॉफी झाली की ओळी विणायच्या, मग शेवटच्या फासात सेफ्टी पिन अडकवायची, म्हणजे उसवायला नको, आणि घडी करून खुर्चीत ठेवायची. ते बघून मला खरंच बरं वाटायचं. म्हटलं, चला, बाई एकदाची सुखाला लागली.

पण सुखाला लागते ती आमची मोठी काकू कसली. थंडी सरत आली आणि ती एका संध्याकाळी दार लावून घेऊन माझ्यासमोर बसली. म्हणाली, खाली काहीतरी चाललंय. कोणीतरी स्टूल जागचं हलवतं, त्यामुळे तिची डावी नडगी दोनदा फुटली. कोणीतरी डाव्या बाजूनं गुपचूप येऊन उभं राहतं आणि तिला दचकवतं. बशीत दोन बिस्किटं ठेवल्याचं धाकटी सांगते, पण बशीत असतं एक, आणि ती स्वतः स्वयंपाकघरात जाऊन आली की गायब झालेलं दुसरं परत जागेवर येतं. ‘कोणीतरी’ म्हणताना तिची नजर जमिनीकडे, म्हणजे खालच्या मजल्याकडे, म्हणजे धाकटीकडे होती.

मी कपाळाला हात लावला. धाकटी काकू कशी आहे ते सगळ्या बिल्डिंगला माहीत आहे. मुंगी मारायची झाली तर आधी तिला समजावून सांगेल. पण मोठीनं मग पिशवीतून ब्लँकेट काढलं, माझं बोट धरलं आणि एका पट्टीवरून फिरवलं. म्हणाली, हे बघ, इथं हात बदललाय. आणि खरं सांगायचं तर मलाही कळलं. बाकीच्या ओळी मऊ, सैल, आणि मधेच काही ओळी घट्ट. विणणाऱ्याचा हात लपत नाही. सुई तीच, लोकर तीच, पण एकीनं ओढलेला फास दुसरीसारखा बसत नाही. त्या ओळी मोठ्या काकूच्या नव्हत्या.

तिचा तर्क तयारच होता. धाकटी तिच्या मागं ओळी उसवते आणि घट्ट विणून ठेवते. घट्ट टाक्याला लोकर कमी लागते. उरलेली लोकर जाते कुठं? तर धाकटीच्या नातीच्या डोक्यावर. त्या पोरीची नवी टोपी राखाडी-निळी होती, हे मी स्वतःही पाहिलं होतं. आता मात्र माझ्याही मनात शंकेची पाल चुकचुकली. धाकटी काकू अशी? पण टोपी होती, घट्ट ओळी होत्या.

“छडा लाव,” मोठी म्हणाली. “खरं निघालं तर मी हे घर सोडते. म्हाताऱ्या बायकांच्या वसतिगृहात खोली बघून आलेय. चोराबरोबर मी एका छपराखाली राहणार नाही.”

ती पोकळ धमकी नव्हती. ही बाई वर्षानुवर्षं एक टाका सुटला म्हणून शर्ट परत टाकत आली होती. धाकटीलाही तिनं असंच टोपलीत टाकलं असतं आणि मागं वळून पाहिलं नसतं. मग ही तिकडे वसतिगृहात भिंतीकडे तोंड करून, ती इकडे एकटी, आणि मधे पळापळ करायला मी. मी त्यांच्या घराची जादा किल्ली घेतली.

काही दिवस मी धाकटीवर पाळत ठेवली आणि स्वतःचीच लाज वाटून घेतली. बिस्किटं ठेवताना मी डोळ्यांनी पाहिलं, दोन होती. मोठी मात्र ठामपणे एक म्हणाली. धाकटीनं बशी उजवीकडे सरकवली, तेव्हा मोठी म्हणाली, आलं बघ परत. मला वाटलं धाकटी काहीतरी हातचलाखी करतेय. इतकी मी शहाणी.

मग एका दुपारी मला अर्धी रजा होती. मोठी काकू बागेत फिरायला गेलेली. मी आवाज न करता किल्ली फिरवून आत गेले आणि धाकटी काकू रंगेहाथ सापडली. मोठीच्याच खुर्चीत, मांडीवर ब्लँकेट, सेफ्टी पिन तोंडात, आणि सर्रकन ओळ उसवत होती. माझा पारा चढला. मी तिला नको नको ते बोलले. चोरी म्हटलं, मत्सर म्हटलं, म्हातारपणी एकीनं जरा सुख केलं ते बघवत नाही म्हटलं. तिनं पिन तोंडातून काढली, वाटीत ठेवली आणि माझं संपेपर्यंत थांबली. मग शेजारची घडी उलगडून म्हणाली, हा कोपरा बघ.

उसवायच्या राहिलेल्या कालच्या ओळी होत्या. प्रत्येक ओळीत डावीकडचा शेवटचा टाका राहून गेलेला. ओळ संपवून काम उलटं करायचं की डावं टोक बदलतं, म्हणून एकदा ही कड आत गेलेली, एकदा ती. ब्लँकेट दोन्ही बाजूंनी निमुळतं होत चाललं होतं. नवशिकी पोरगी करते ती चूक. दुर्बिणीच्या हातची!

“त्यांना डावीकडचं दिसत नाही गं,” धाकटी काकू म्हणाली. “दाराची चौकट लागते, स्टूल लागतं, बिस्किट दिसत नाही. मी बाजूला उभी असते, त्यांना वाटतं चोरपावलांनी आले. डोळ्यांवर जन्म काढलाय त्यांनी. मी कोणत्या तोंडानं सांगू की तुमच्या ओळीतला टाका सुटतोय?”

म्हणून टाका सुटलेला दिसला की दुसऱ्या दिवशी दुपारी ती त्या ओळी उसवायची आणि शेवटच्या टाक्यासकट पुन्हा विणायची. मोठीसारखा सैल हात जमावा म्हणून तिनं त्याच रंगाची लोकर स्वतः आणून सराव केला. त्या सरावाची टोपी झाली, ती नातीला दिली. तरी हात तिचा घट्टच पडायचा. जन्मभर पिशव्यांचे बंद शिवलेली बाई, सैल सोडायची सवयच नाही.

मला रडू आलं आणि रागही आला. मी म्हटलं, अगं, हे झाकून ठेवायचं दुखणं आहे का? त्यावर ती काही बोलणार तेवढ्यात दारातून खाकरल्याचा आवाज आला. मोठी काकू केव्हा येऊन उभी राहिली होती कोण जाणे. दार मीच उघडं टाकलं होतं.

तिनं चपला काढल्या, आत आली, धाकटीला खुर्चीतून उठवलं आणि स्वतः बसली. ब्लँकेट ओढून घेतलं, सुई हातात घेतली आणि आमच्यासमोर एक ओळ विणायला लागली. तिचा हात तसाच, सुरेख, सैल. ओळीच्या शेवटाला आली आणि काम उलटं करायला लागली.

“झाली ओळ,” ती म्हणाली.

आम्ही दोघी गप्प. संशयी माणसाला गप्प बसणं ऐकू येतं. तिनं सुई थांबवली, डाव्या हाताचं बोट कडेवरून सावकाश फिरवलं, आणि बोट एका जागी थबकलं. तिथं एक टाका रिकामा होता. ती बोटानं तो चाचपत राहिली. जन्मात पहिल्यांदा मी तिला कोणावरही आरोप न करता बसलेलं पाहिलं.

“कधीपासून?” तिनं विचारलं.

धाकटी म्हणाली, थंडी सुरू झाली तेव्हापासून.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी दुसऱ्याच दिवशी तपासलं. काचबिंदू. डावा डोळा जवळजवळ गेलाय, उजव्याच्याही कडा जायला लागल्यात. गेलेली नजर परत येत नाही, आहे ती थेंबांनी टिकवायची. इतके महिने घरात कोणाच्या लक्षात कसं आलं नाही, असं बाईंनी जरा कडक आवाजात विचारलं. धाकटी काकूची मान खाली गेली. मोठी पटकन म्हणाली की आमच्या घरात चुका फक्त मीच काढते, दुसऱ्या कोणाला ती परवानगीच नाही. बाई हसल्या. आम्ही दोघी हसलो नाही.

घरी आल्यावर मात्र तिनं तोंड सोडलं. जगाच्या चुका मी जगाच्या तोंडावर मारल्या, मग माझी चूक माझ्या तोंडावर मारायला तुझी जीभ का झडली, म्हणून धाकटीला झापझाप झापलं. आधी बोलली असतीस तर डोळा जरा जास्त राहिला असता, हेही म्हणाली. ते खरं होतं, म्हणून फार लागलं. धाकटी काकू पदरानं डोळे पुसत उभी राहिली आणि मग तिनं एकच विचारलं.

“तुम्ही ऐकलं असतंत, जाऊबाई?”

मोठी ब्लँकेट चाचपत बसली. मला वाटलं, आता वसतिगृहाचं काढते. मी तर मनात सामान हलवायला टेम्पोसुद्धा ठरवला.

ती म्हणाली, कॉफी कर.

कॉफी झाली. बिस्किटं दोन्ही बशीच्या उजव्या बाजूला ठेवलेली बघून तिच्या कपाळावर आठी पडली. दया नको, एक डावीकडे ठेव, मी शोधीन, असं तिनं फर्मावलं. मग मी विचारलं की त्या घट्ट ओळी आता उसवून टाकायच्या का, ब्लँकेट एकसारखं होईल. ती माझ्यावर खेकसली, खबरदार हात लावशील तर.

मग तिनं सुई उचलली आणि डावीकडच्या स्टुलाकडे, म्हणजे जिकडे तिला आता काहीच दिसत नाही तिकडे, हात केला.

“इथं बस,” ती धाकटीला म्हणाली. “टोक आलं की सांगायचं. आणि खरं सांगायचं.”

तेव्हापासून रोज चार वाजता धाकटी काकू त्या स्टुलावर बसते.