गप्प बसणारं मशीन

जिथं काहीच घडू नये म्हणून माणसं राबतात, तिथंच किस्से साठतात. वडवणीजवळच्या डोंगरात आमचा बोगदा आहे. आत शिशाच्या पेटीत जर्मेनियमचा मुठीएवढा स्फटिक. त्यातला एखादा अणू एका ठरावीक तऱ्हेनं फुटतो का, एवढंच बघायचं. अजून फुटलेला नाही. मी चौथी शिकलो. पण त्या स्फटिकाला थंड ठेवणारा द्रव नायट्रोजन मीच भरतो. एक दिवस चुकलेला नाही.

*

सरपंच बघायला आले.

"काय घावलं?"

"काही न्हाई," मी म्हणालो.

"मग सरकारकडं नवं मशीन कावून मागताय?"

"काहीच घावत न्हाई, हे अजून नीट कळावं म्हणून!"

"आमच्या चौकशी समितीत या. तिथं बी हेच काम हाय."

*

आसपासच्या वस्तूंतून किरणं निघतात, तीही मशीन मोजतं आणि आकडा वाढतो; म्हणून तो कमीत कमी ठेवायचा. एकदा तो दुप्पट झाला. आमच्या प्रमुख जाधव मॅडम महिनाभर वायरी बदलत बसल्या. मी म्हणालो, "मॅडम, ठेकेदारानं आत भिंत घातली, तवापासून हाय हे."

विटा परळीच्या वीजकेंद्रातल्या कोळशाच्या राखेच्या! राखेतही किरणं. भिंत पाडली, आकडा उतरला.

ठेकेदार ओरडला, "शंभर वर्षं टिकली असती!"

"तेच दुखणं हाय," मी म्हणालो.

*

आत जायचं तर पांढरा झगा, टोपी, तोंडाला फडकं. एका पुढाऱ्यांनी आमच्यासोबत तसा फोटो काढून घेतला. पेपरात आला, तेव्हा तणतणले, "ह्यात मी कोणता बे?"

कार्यकर्त्यांनी अदबीनं बोट ठेवलं. माझ्यावर!

*

नवे स्फटिक द्यायचे की प्रयोगच बंद करायचा, हे ठरवायला समिती आली. मॅडमची सगळी उमेद पणाला लागलेली. अध्यक्ष कडक. म्हणाले, "आकडा इतका कमी? मशीन चालू तरी आहे का?"

चालू आहे हे दाखवायला मॅडमनी पेटीचं झाकण उघडलं, बाहेरची किरणं आत शिरली. आकडा थोडा चढला, थांबला. अध्यक्ष वाकून बघायला गेले आणि आकडा उधळला! मॅडमचा चेहरा उतरला.

मी म्हणालो, "साहेब, बाहेर व्हा."

"मला सांगता?"

"व्हा."

ते दारापलीकडे गेले. आकडा खाली. आत आले. वर!

"साहेब, कालपरवा सुई टोचून काळजाचे फोटो काढले का? आमच्या व्याह्याचे काढलते. त्या औषधात किरणं असत्यात. डॉक्टर म्हणले, लेकरं जवळ घेऊ नका."

"कोण म्हणालं तुम्हाला, माझं काळीज..."

"मशीन म्हणलं."

अध्यक्षांनी मागं वळून पाहिलं. त्यांच्या खुर्चीवर डोळा ठेवून असलेले उपाध्यक्ष सावकाश चष्मा पुसत होते.

अध्यक्षांनी विषय मिटवत घाईनं खिशातून पेन काढलं.

"मॅडम, नव्या स्फटिकांसाठी सही कुठं करू?"